बोटीवरचे जस्त झिजायलाच हवे

हौसेने मोटरबोट घेणारी माणसे इंजिनाच्या तेलाची, इंधनाची, बॅटरीची काळजी मनापासून घेतात. प्रोपेलरजवळ स्क्रूने बसवलेल्या करड्या धातूच्या तुकड्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. बोट पाण्याबाहेर काढल्यावर तो खडबडीत, खड्डे पडलेला दिसतो. मग तो गंजला असे समजून कोणी तरी त्यावरही रंगाचा हात फिरवतो. नेमके तेच करायचे नसते. हा तुकडा म्हणजे ॲनोड, बहुधा जस्ताचा, आणि त्याने झिजावे म्हणूनच तो तिथे असतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून वीज सहज वाहते. आउटबोर्ड इंजिनाचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाचा, पाण्यातला भाग पाहिला तर बाहेरचे कवच ॲल्युमिनियमचे, शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा आणि प्रोपेलर बऱ्याचदा स्टीलचाच. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात बुडालेले, म्हणजे झाली विद्युतघटाची तयारी. जो धातू इलेक्ट्रॉन अधिक सहज सोडतो तो विरघळत जातो, दुसरा शाबूत राहतो. इथे मार खाते ते ॲल्युमिनियम. बोट महिनाभर धक्क्याला नुसती बांधून ठेवली तरी हे काम रात्रंदिवस चालू असते. जस्त ॲल्युमिनियमपेक्षाही सहज इलेक्ट्रॉन सोडते. त्याचा तुकडा कवचाला जोडला की आधी ते विरघळते आणि त्याचे इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियमला विरघळू देत नाहीत.

ही गोष्ट माणसाला फार महागात पडून कळली. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून जहाज वाचावे म्हणून ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोनेक वर्षांनी तळ तपासला तेव्हा लोखंडी खिळे ठिकठिकाणी खाऊन गेलेले होते. काही खिळे मात्र ठणठणीत होते. तिथे पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद खिळा आणि तांबे यांच्यामध्ये तसाच राहून गेला होता! कागदामुळे दोन धातूंचा स्पर्श तुटला आणि लोखंड वाचले. पुढे 1824 मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून तांब्याची झीज थांबवून दाखवली. पण अशी जहाजे समुद्रात गेली आणि त्यांच्या तळावर शंखशिंपले, शेवाळ माजले, कारण या जिवांना दूर ठेवत होते ते थोडे थोडे विरघळणारे तांबेच. झीज थांबली तशी ती राखणही थांबली. तांबे असलेला शेवाळरोधक रंग आजही याच तत्त्वावर चालतो. म्हणून तो ॲल्युमिनियमच्या भागांवर थेट लावू नये. तिथे पुन्हा तीच दोन धातूंची गाठ पडते.

ॲनोड साधारण निम्मा झिजला की बदलावा. नवा बसवताना खालची जागा तारेच्या ब्रशने घासून धातू चकचकीत करावा, कारण मध्ये रंग किंवा गंजाचा थर राहिला तर त्या कागदासारखेच होते, फक्त इथे नुकसान आपले. विजेची मापे घेणाऱ्या मल्टिमीटरचे एक टोक ॲनोडवर आणि दुसरे कवचाच्या उघड्या धातूवर टेकवले की रोध जवळपास शून्य दिसला पाहिजे. हंगाम संपला तरी ॲनोड कोरा करकरीत असेल तर मला ती चिंतेची खूण वाटते: एक तर जोड तुटला आहे किंवा धातू चुकीचा आहे. गोड्या पाण्यात जस्तावर कठीण थर बसतो आणि ते काम सोडून देते. तिथे मॅग्नेशियम लागते. मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात फार भरभर संपते. दोन्हीकडे फिरणाऱ्या बोटीला ॲनोडसाठी मुद्दाम बनवलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू बरा. उलट, ॲनोड अचानक काही आठवड्यांत संपू लागला तर धक्क्यावरून घेतलेल्या विजेच्या जोडणीवर संशय घ्यावा. तिच्या अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटी आपल्या बोटीला जोडल्या जातात आणि आपले जस्त त्यांचेही धातू सांभाळू लागते.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुणे हे रोजचे काम. थंडाव्यासाठी आत घेतलेले पाणी वाळले की मीठ अरुंद वाटांमध्ये साचते. त्यातला चुनखडीचा क्षार तर पाणी तापले की कमी विरघळतो, म्हणून इंजिन जिथे सर्वांत गरम तिथेच त्याचा थर धरतो. धुताना इंजिन सुरू करायचे तर पाणी आधी सोडावे. हे पाणी ओढणाऱ्या इम्पेलरची पाती रबराची असतात आणि त्यांना वंगण पाण्याचेच. कोरडे फिरले तर ती काही क्षणांत जळू लागतात. इंजिनाच्या मागून येणारी पाण्याची बारीक धार क्षीण झाली की इम्पेलर उघडून पाहावा. एखादे पाते तुटलेले निघाले तर तो तुकडा शोधून काढलाच पाहिजे, नाही तर पुढे कुठे तरी वाट अडवून बसतो.

प्रोपेलर फिरवणाऱ्या गिअरचे तेल, म्हणजे गिअर ऑइल, बदलताना गिअरच्या कवचाचा खालचा स्क्रू काढल्यावर पहिली धार नीट पाहावी. तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे. बऱ्याचदा कारण क्षुल्लक असते: पाण्यात पडलेला मासेमारीचा नायलॉनचा दोर प्रोपेलरमागे शाफ्टभोवती गुंडाळला जातो आणि तेथील सील कापतो. प्रोपेलर काढून तो दोर सोडवावा आणि सील बदलावे. नवे तेल खालच्याच भोकातून वर चढवावे, म्हणजे आतली हवा वरच्या भोकातून निघून जाते. वरून तेल दिसू लागले की आधी वरचा स्क्रू घट्ट करावा, मग खालचा.