मूल पडलं म्हणजे सीटी हवाच का?

मूल पलंगावरून पडतं, डोक्याला टेंगूळ येतं आणि घाबरलेले आईबाबा म्हणतात, "डॉक्टर, एकदा सीटी काढूनच टाका." काळजी समजण्यासारखी आहे. पण सीटी म्हणजे नुसता जरा महागडा फोटो, हा समज दुरुस्त करायला हवा.

सीटीत क्ष-किरणांची नळी डोक्याभोवती फिरते आणि संगणक त्या मोजमापांतून आतले छेद उभे करतो. मोठ्या माणसाला डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणोत्सर्गाचं माप) किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच. मग मुलांसाठी एवढा विचार कशाला?

उत्तर पेशीत आहे, आणि मला हा भाग विलक्षण वाटतो. क्ष-किरण पेशीतल्या पाण्याच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. त्यातून तयार होणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे पाण्याच्या रेणूचे अतिशय उतावळे तुकडे, निमिषार्धात शेजारच्या डीएनएवर तुटून पडतात. डीएनएची एकच पट्टी तुटली, तर समोरच्या पट्टीवरचा मजकूर पाहून पेशी ती नीट सांधते. दोन्ही पट्ट्या एकाच जागी तुटल्या की पंचाईत होते. डीएनएची दुसरी प्रत तयार झालेली असेल तर तिच्यावरून दुरुस्ती जमते. नसेल तर पेशी तुटकी टोकं तशीच जोडते. त्यात दोन-चार अक्षरं गळतात, क्वचित भलतीच टोकं जुळतात. बहुतेक चुका निरुपद्रवी ठरतात किंवा ती पेशीच मरते. पण वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकात चूक राहिली, तर ती पुढच्या प्रत्येक पेशीत उतरते.

मुलांच्या पेशी झपाट्याने विभागतात, म्हणून दुरुस्तीला सवड कमी. शिवाय नवजात बाळाची रक्त बनवणारी लाल अस्थिमज्जा सुमारे पाव हिस्सा कवटीत असते; मोठ्यांमध्ये हा वाटा दहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्यामुळे बाळाच्या डोक्याचा सीटी हा केवळ मेंदूचा प्रश्न उरत नाही. डीएनएत राहिलेल्या चुकीचे परिणाम दिसायला पुढे अख्खं आयुष्यही पडलेलं असतं.

धोका किती? २०१२च्या ब्रिटिश अभ्यासाचा अंदाज असा: दहा वर्षांखालच्या १०,००० मुलांच्या डोक्याचा एकेक सीटी काढला, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण. धोका लहान आहे, पण विनाकारण का घ्यायचा?

कारण आहे की नाही, हे ठरवायला २००९चा अमेरिकी अभ्यास उपयोगी पडतो. त्यात ४२,००० हून अधिक मुलं होती. दोन वर्षांखालच्या बाळासाठी डॉक्टर बघतात ते असं: शुद्धीत फरक आहे का, पाच सेकंद किंवा जास्त शुद्ध हरपली होती का, कपाळ सोडून इतरत्र टेंगूळ आहे का, कवटीला हाताला लागणारं फ्रॅक्चर आहे का, तीन फुटांहून उंचावरून पडणं किंवा तसाच जोराचा मार होता का, आणि बाळ नेहमीसारखं वागतंय का. शेवटचं आईबाबाच सांगू शकतात. यातलं काहीच नसलेल्या बाळांत गंभीर इजा जवळजवळ सापडली नाही. शुद्धी ठीक आहे, फ्रॅक्चर लागत नाही, पण बाकीच्यांतलं एखादं लक्षण आहे, अशा मधल्या गटात काही तास निरीक्षणाखाली ठेवणं हा खरा उपचार असतो.

सीटीनंतर "शरीरातलं रेडिएशन काढून टाकणारे" काढे आणि पावडरी विकल्या जातात. क्ष-किरण शरीरात साठतच नाहीत, काढायचं काय?

पण शुद्धी कमी होत असेल, आकडी आली, उलट्या थांबत नसतील, तर सीटीला घाबरून वेळ घालवू नका. अशा वेळी काही मिनिटांचा सीटी जीव वाचवतो, आणि क्ष-किरण न वापरणाऱ्या एमआरआयला लागणारा वेळ हाताशी नसतो. फक्त यंत्र मुलाच्या वजनावयाप्रमाणे कमी मात्रेवर लावलंय का, एवढं विचारा, आणि आधी काढलेले स्कॅन असतील तर सोबत न्या.