गंजलेली जुनी गाडी ‘मूळ स्वरूपात’ कुठवर राहते?

ठाण्याच्या खाडीलगत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीला गंज बाहेरून दिसतो, त्याच्या कितीतरी आधी तो आतून लागलेला असतो. हवा खारी आणि दमट, पाऊस चार महिने. त्यात दारांच्या तळाची पाणी निघून जाण्याची छिद्रे मातीने बुजतात आणि पायाखालच्या रबरी चटईखाली ओल धरून राहते. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या शेडमध्ये गाडी उचलून खालून पाहिली की पापुद्रे सुटलेला पत्रा हाताने निघून येतो, आणि तिथेच मालकाला ठरवावे लागते की किती कापायचे आणि किती ठेवायचे.

कुर्ल्यात बनणाऱ्या फियाटच्या भरभराटीच्या काळात हा प्रश्न कोणाला पडत नसे. गाडी चालती ठेवणे एवढाच दुरुस्तीचा हेतू होता, आणि टॅक्सीच्या धंद्यामुळे सुटे भाग व कारागीर दोन्ही हाताशी होते. 2000 च्या सुमारास या फियाटचे, म्हणजे पुढे ‘प्रीमिअर पद्मिनी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गाडीचे, उत्पादन थांबले, ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या टॅक्सींतूनही ती गेली, आणि उरलेल्या गाड्यांकडे वारसा म्हणून पाहिले जाऊ लागले. अमेरिकेत 1964 च्या सुमारास आलेल्या पाँटिअॅक जीटीओ, मस्टँग यांसारख्या दांडग्या इंजिनांच्या गाड्यांबाबत मूळपणाचा वाद बराच आधी पेटला होता. तिथे मस्टँगचा संपूर्ण नवा सांगाडाही विकत मिळतो, त्यामुळे जुन्या गाडीचा नेमका कोणता भाग उरला म्हणजे ती तीच गाडी, हे सांगणे अवघड होते. मस्टँग आणि फियाट 1100 या दोन्हींना वेगळी चासी (खालची लोखंडी चौकट) नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार उचलतो. म्हणून त्यांच्यात फ्लोअरचा, म्हणजे तळाच्या पत्र्याचा, गंज हा केवळ दिसण्याचा दोष राहत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याची धार आली ती जुलै 2021 मध्ये. केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनाची व्याख्या केली: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, व्यापारी वापरात नसलेले, मूळ स्वरूपात राखलेले, आणि चासी, बॉडी शेल (पत्र्याचा सांगाडा) किंवा इंजिनातील बदलांसह कोणतेही मोठे ‘ओव्हरहॉल’ न झालेले दुचाकी किंवा चारचाकी. खरा गुंता ‘ओव्हरहॉल’ याच शब्दात आहे. गॅरेजमध्ये ओव्हरहॉल म्हणजे इंजिन खोलणे, बोअर करून घेणे, नवे पिस्टन आणि बेअरिंग बसवणे. म्हणजे यंत्र मूळ कामगिरीवर परत आणणे. नियमात मात्र हाच शब्द गाडीचे मूळपण घालवणाऱ्या फेरफारांच्या पंक्तीत बसला आहे. पन्नास वर्षे रस्त्यावर राहिलेल्या फियाटचे इंजिन एकदाही खोललेले नसणे जवळपास अशक्य आहे, आणि कोकणपट्टीच्या हवेत फ्लोअरला एकही पॅच नसलेली गाडी शोधून काढावी लागेल. कुजलेल्या जागी त्याच जाडीचा, त्याच घडीचा पत्रा वेल्ड करणे आणि दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवण्यासाठी सांगाडा कापणे, या दोन गोष्टी एका शब्दाखाली येऊ नयेत, असे या टिपणाचे स्पष्ट मत आहे. ऐतिहासिक वाहनांच्या जतनासाठी 2012 मध्ये स्वीकारलेली ट्यूरिनची सनद जतन (आहे तसे सांभाळणे), संधारण (पुढची झीज रोखणे) आणि पुनर्स्थापना (गेलेले भाग पुन्हा घडवणे) या पायऱ्या वेगळ्या मानते आणि केलेल्या कामाची नोंद ठेवण्यावर भर देते. आपल्या नियमात अशी पायरी नाही; निर्णय राज्याच्या तपासणी समितीवर सोपवलेला आहे. त्यामुळे पत्रा कापण्याआधीची आणि नंतरची छायाचित्रे, काढलेले तुकडे व सुट्या भागांच्या पावत्या जपून ठेवणे, हा मालकाचा खरा पुरावा ठरतो.

नव्या व्हिंटेज नोंदणीला 20,000 रुपये लागतात, ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो आणि मुदत दहा वर्षांची असते; पण गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे किंवा देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. घोडबंदर रोडवर रविवारी सहज फेरी मारण्याची मुभा तिच्यात नाही. ती हवी असेल, तर एमएच-04 ची, म्हणजे ठाण्याचीच, साधी नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवावी लागते. तिथे ‘मूळ स्वरूपा’ची ही अट नसली, तरी निर्मात्याच्या मूळ तपशिलांत परस्पर बदल करण्यास कायद्याने मनाई आहेच, आणि गंजलेल्या सांगाड्याला आधार देण्याचे काम योग्यता तपासणीआधी पुरे करावेच लागते.