बबल टीमध्ये फळ आलं कसं?

बबल टी म्हणजे तळाशी टॅपिओकाचे, म्हणजे कसावा या कंदाच्या स्टार्चचे, चिवट गोळे असलेला गार चहा; या गोळ्यांना मोती म्हणतात. पॅशनफ्रूट किंवा स्ट्रॉबेरीचा बबल टी घरी करायला घेतला, दुधाच्या चहात ताजा रस ओतला, की दूध नासतं. वर गुठळ्या, खाली पाणी. दुधातलं केसिन हे प्रथिन साधारण ४.६ पीएचला गोठतं (पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) आणि बहुतेक फळांचे रस त्याहून बरेच आंबट असतात. त्यामुळे यात करणाऱ्याच्या हाताचा काही दोष नाही. या पेयात फळ कोणत्या रूपात आलं, हे पाहत गेलं तर प्रत्येक वळणावर हाच आंबटपणा भेटतो. फळाचा बबल टी नीट जमवायचा असेल, तर मला वाटतं आधी ही गोष्ट माहीत असावी.

सुरुवात तैवानमध्ये झाली आणि मोत्यांच्या कितीतरी आधी झाली. ताइनान शहरात १९४९मध्ये चांग फान-शू यांनी चहाचं दुकान काढलं. कॉकटेलच्या शेकरमध्ये बर्फ घालून चहा जोरजोरात हलवायचा, ही त्यांची पद्धत. चहा झटकन गार होतो आणि वर दाट फेस धरतो. पुढे १९८३मध्ये ताइचुंगमध्ये लिउ हान-चिए यांनी चहागृह सुरू केलं. जपानमध्ये गार कॉफी देतात हे त्यांनी पाहिलं होतं, मग चहा गार का नको, असा त्यांचा विचार. हेच दुकान पुढे चुन शुई तांग म्हणून प्रसिद्ध झालं. तिथल्या लिन श्यू-हुई यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात गार चहात टॅपिओकाच्या गोळ्या टाकल्या. दुसरीकडे ताइनानच्या हानलिन चहागृहाचे तू त्सुंग-हे म्हणतात की बाजारात पांढऱ्या गोळ्या पाहून १९८६मध्ये हे आपल्यालाच सुचलं. दोन्ही दुकानं कोर्टात गेली आणि खटला दहा वर्षं चालला. शेवटी २०१९मध्ये कोर्टाने सांगितलं की पेयाचं पेटंट कुणाकडेच नाही, तेव्हा ते कुणीही बनवावं. आधी कुणी केलं हे ठरवण्याची गरज नाही. घरी करणाऱ्यांनाही हा निकाल लागू पडतो!

या चहात आसामचाही वाटा आहे. जपानी राजवटीत, १९२५च्या सुमाराला, आसामी चहाचं बी तैवानच्या सन मून लेक परिसरात नेऊन लावलं गेलं. दूध, साखर आणि बर्फ पचवूनही चव टिकवणारा कडक काळा चहा तिथे पिकू लागला. मोती मात्र मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या कसाव्याचे, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाच्या स्टार्चचा होतो त्याच कंदाचे. या स्टार्चमध्ये अमायलोज हा घटक कमी असतो, म्हणून शिजल्यावर तो पारदर्शक आणि चिवट होतो. तैवानमध्ये असे गोळे किसलेल्या बर्फावर घालून खायची रीत आधीपासूनच होती.

मग फळांची पाळी आली. साखळी दुकानं वाढली, तसे आंबा, लिची, स्ट्रॉबेरी, पीच असे स्वाद फळ्यावर दिसू लागले. पण पेल्यात फळ असेच असं नाही. बऱ्याचदा सुगंध आणि रंगाची पावडर किंवा पाक असायचा आणि दुधाच्या जागी क्रीमरची पावडर. क्रीमर म्हणजे वनस्पती तेल, ग्लुकोजचा पाक, दुधातल्या केसिनपासून केलेलं थोडं केसिनेट आणि आम्लता सांभाळणारे फॉस्फेट क्षार. पावडरीत आंबट रस नसल्याने नासायचा प्रश्नच मिटला. फळाचा हंगाम बघायला नको, सोलायला नको, आणि बारा महिने चव तीच. दुकानदाराची सोय मला समजते, पण ज्या फळाचं नाव पेल्यावर लिहिलं तेच त्यात नसावं, हे मला आजही पटत नाही.

या सोयीची काळी बाजू मे २०११मध्ये उघड झाली. पातळ रस दाट आणि खराखुरा दिसावा म्हणून त्यात गढूळपणा आणणारा पदार्थ घालतात. एरवी तो पाम तेल आणि डिंकापासून बनतो. तैवानमधल्या काही पुरवठादारांनी त्यात स्वस्त पडतं म्हणून डीईएचपी हे प्लास्टिक मऊ करणारं रसायन वापरलं होतं. फळांचे रस, पाक, जॅम, शीतपेयं असा ढीगभर माल बाजारातून मागे घ्यावा लागला. दोन वर्षांनी, २०१३मध्ये, मॅलेइक अॅसिड या औद्योगिक रसायनाची भेसळ असलेला स्टार्च सापडला आणि या वेळी मोतीच संशयाच्या घेऱ्यात आले. पाकही आपला, मोतीही आपले, असा घरगुती आग्रह अनेकांना तेव्हापासून रास्त वाटू लागला असणार.

ताज्या फळाची मोठी लाट चीनमधून आली. ग्वांगडोंगमधल्या च्यांगमेन शहरात २०१२मध्ये हेटी सुरू झालं, शेनझेनमध्ये २०१५मध्ये नायुकी. या दुकानांनी हिरवा चहा किंवा ऊलाँग हा हिरव्या आणि काळ्याच्या मधला चहा घेतला, त्यात दूध घातलंच नाही आणि फळाचा गर व फोडी ढळढळीत दिसतील असा पेला भरला. दुधाची हौस भागवायला वर क्रीम चीजचा जाड, किंचित खारट थर दिला. आंबट चहा खाली, दुधाचा थर वर. दोघांची गाठ पडते ती थेट तोंडात. आंबटपणाच्या प्रश्नावर इतकं सुबक उत्तर मला दुसरं दिसलेलं नाही, आणि ते घरी सहज करता येतं.

दुसरं उत्तर म्हणजे पॉपिंग बोबा, दातांखाली फुटणारे रसाचे गोळे. याची पाळंमुळं चहात नाहीतच. विल्यम पेशार्ड्ट या ब्रिटिश संशोधकाने १९४२मध्ये कृत्रिम चेरीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. समुद्री शेवाळातलं सोडियम अल्जिनेट कॅल्शियमच्या संपर्कात आलं की लगेच पापुद्रा धरतं, हे त्यामागचं तत्त्व. स्पेनमधल्या एल बुली उपाहारगृहात फेरान आद्रिया यांनी २००३मध्ये तेच तंत्र स्वयंपाकात आणलं आणि तिथून ते चहाच्या पेल्यापर्यंत पोचलं. रस पापुद्र्यात बंद असतो, त्यामुळे तो दुधाच्या चहातही बिनघोर टाकता येतो.

घरी करताना या सगळ्याचा उपयोग असा. आंबट फळ असेल तर दूध वगळा, चहा हिरवा घ्या. दूध हवंच असेल तर पूर्ण पिकलेला आंबा किंवा केळं बरं. ताजं अननस, किवी आणि पपई यांतली एन्झाइम दुधाची प्रथिनं तोडतात आणि पेय ठेवलं तर कडवट होतं. मोत्यांचं पीठ भिजवताना पाणी उकळतंच हवं. थंड पाण्यात टॅपिओकाचा स्टार्च बांधला जात नाही, नुसता ओघळतो. शिजलेले मोती पाकात ठेवून काही तासांत संपवावेत, कारण फ्रिजमध्ये स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि मोती खडे होतात. लहान मुलांना जाड स्ट्रॉने मोती देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका खरा आहे.

पॉपिंग बोबासाठी अल्जिनेट थेट रसात मिसळलं, तर फार आंबट रसात ते नीट विरघळत नाही, आणि गोळा आतपर्यंत घट्ट होत जातो. त्याऐवजी रसात कॅल्शियम लॅक्टेट हा खाण्याचा कॅल्शियम क्षार घालून त्याचे थेंब अल्जिनेटच्या पाण्यात सोडावेत आणि मग साध्या पाण्यात धुवावेत. असे गोळे त्याच फळाच्या रसात बुडवून ठेवले तर आतला रस पातळच राहतो आणि ते आदल्या दिवशी करून ठेवता येतात.