अनोळखी गुणधर्मालाही जागा हवी, पण नावपत्त्यासकट

फाइलमधल्या माहितीची मांडणी कशी आहे, कुठला आकडा किती अंकी, कुठला मजकूर जास्तीत जास्त किती लांब, हे सांगणारा आराखडा म्हणजे स्कीमा. तो लिहिताना काही गोष्टी मानकात बसत नाहीत. हा रकाना गोपनीय आहे, ही तारीख पडद्यावर अमुक पद्धतीने दाखवा. मग त्या नोंदवायच्या कुठे?

एक्सएमएल फाइलींची मांडणी सांगणाऱ्या ‘एक्सएमएल स्कीमा’ या मानकाने २००१ मध्येच ही सोय केली. माणसांसाठीची टीप ‘डॉक्युमेंटेशन’मध्ये, प्रोग्रामसाठीची ‘अ‍ॅपइन्फो’मध्ये, शिवाय परक्या नेमस्पेसचे गुणधर्म थेट घटकावर लिहिण्याची मुभा. नेमस्पेस म्हणजे नाव कोणाचं ते सांगणारा पत्ता; नावाआधीचा उपसर्ग त्याकडे बोट दाखवतो. या मुभेवर एक अख्खी भाषा उभी आहे. डीएफडीएल, म्हणजे बायनरी किंवा मजकुरी डेटाचं स्वरूप सांगणारी भाषा, बाइटचा क्रम आणि विभाजक चिन्हं अशाच टिपांमधून सांगते. डीएफडीएलचा गंधही नसलेलं साधन तोच स्कीमा बिनतक्रार वाचतं. डीएफडीएल राबवणाऱ्या अपाचे डॅफोडिल या साधनाने तर डीएफडीएलच्याही पुढे जाऊन स्वतःचे जादा गुणधर्म ‘डीएफडीएलएक्स’ या वेगळ्या उपसर्गाखाली ठेवले आहेत.

मग सरसकट काहीही चालवून का घेऊ नये? कारण चूक आणि विस्तार बाहेरून सारखेच दिसतात. जेसन या डेटा-स्वरूपासाठीच्या जेसन स्कीमात कमाल लांबी सांगणाऱ्या ‘मॅक्सलेंग्थ’च्या इंग्रजी स्पेलिंगमधली शेवटची दोन अक्षरं उलटी पडली, तर बहुतेक साधनं तो अनोळखी शब्द निव्वळ टीप समजून पुढे जातात. लांबीची मर्यादा गायब होते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. एक्सएमएल स्कीमात, घटक किमान किती वेळा यावा हे सांगणाऱ्या ‘मिनऑकर्स’मधला शेवटचा एस गळाला, तर लगेच त्रुटी येते, कारण बिनउपसर्गाच्या अनोळखी गुणधर्माला तिथे थारा नाही. घरच्या नावांना कडक तपासणी आणि परक्याला मुभा, पण त्याने आपलं नेमस्पेस सांगितलं तरच. मला हीच वाटणी सर्वांत शहाणी वाटते.

अप्रमाणित नावाआधी नुसता ‘एक्स-’ लावणं त्या मानाने कच्चं. तो उपसर्ग ‘हे प्रमाणित नाही’ एवढंच सांगतो, कोणाचं ते सांगत नाही. पुढे तीच गोष्ट मानकात आली की दोन्ही नावं सांभाळत बसावं लागतं. वेबच्या एचटीटीपी या प्रोटोकॉलमध्ये ‘एक्स-जीझिप’ या जुन्या नावाला आजही ‘जीझिप’ ही डेटा आकसण्याची पद्धत मानावं लागतं. म्हणूनच इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २०१२ मध्ये नव्या प्रोटोकॉल पॅरामीटरना हा उपसर्ग लावू नका, असं सुचवलं.

साधनं लिहिणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती: न कळलेली टीप दुर्लक्षित करा, पण फाइल पुन्हा जतन करताना ती पुसू नका. ती कोणत्या तरी दुसऱ्या प्रोग्रामसाठी लिहिलेली असते.