माग नवा, कापड तेच

इचलकरंजीत कुणाच्या शेडमध्ये एअरजेट माग उतरला की पेढे वाटले जातात. आधुनिकीकरण आणि नवोपक्रम या दोन गोष्टींची सरमिसळ होते ती त्या पेढ्यांपासूनच.

साध्या मागावर आडवा धागा वाहून नेणारा धोटा मिनिटाला साधारण दीडशे फेऱ्या मारतो. एअरजेटमध्ये धोटाच नाही. हवेच्या झोतावर सहाशेच्या पुढे आडवे धागे पडतात, धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची कटकट संपते. हे आधुनिकीकरण. ते का होतं हेही उघड आहे: कामगार मिळत नाहीत, शेजाऱ्याने घेतला, कर्ज स्वस्त पडतं. केंद्राने १९९९मध्ये आणलेल्या तंत्रज्ञान सुधारणा निधी योजनेत व्याजदरातले पाच टक्के सरकार सोसायचं. पण त्या मागावर पूर्वीचंच ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कोरं कापड निघत असेल आणि तोच व्यापारी ते उचलत असेल, तर बदलला तो फक्त वेग.

नवोपक्रम जुनाट मागावरही होतो. डॉबी, म्हणजे विणीची नक्षी ठरवणारी जोडणी, बसवलेल्या एका मागापाशी जॉबर, म्हणजे माग लावून देणारा कारागीर, लाकडी पट्ट्यांतल्या खुंट्या काढून दुसऱ्या भोकांत ठोकतोय. चार बोटं कापड विणतो, उजेडात धरतो, मान हलवतो, परत खुंट्या काढतो. यातून बाजारात नसलेली वीण निघाली आणि विकली गेली, तर तो नवोपक्रम. यंत्राची किंमत इथे गौण.

मग असं घरोघरी का होत नाही? डोकं कमी म्हणून नव्हे. खर्चीवाला म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारा मागवाला. त्याची मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांवर ठरते: इंचात ५२ आडवे धागे, तर मीटरला ५२ गुणिले ठरलेले पैसे. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच. तेच कापड पुन्हा विणायचं तर संपलेल्या बिमाच्या, म्हणजे उभे धागे गुंडाळलेल्या रुळाच्या, तारांना नव्या तारा गाठी मारून जोडल्या की झालं. वीण बदलली की बहुधा वहिफणी नव्याने करावी लागते, म्हणजे हजारो तारा एकेक करून ओवायच्या. तोवर माग बंद, आणि बंद मागाला मजुरी नाही. शिवाय शेवटी ते कापड शिवणारा, नेसणारा कोण, हे खर्चीवाल्याला कळतच नाही. गिऱ्हाइकाची कुरकुर कानावर न येणारा माणूस सुधारणार काय!

कधी कधी मात्र मानेवर सुरी आल्याशिवाय कुणी हलत नाही. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांचं सांडपाणी नोय्यल नदीत जात होतं. २०११मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंद करायला लावले. पुढे सांडपाणी बाहेर न सोडता त्यातलं पाणी आणि मिठाचं द्रावण रंगाईत पुन्हा वापरण्याची पद्धत तिथे रुजली. ही काही अनुदानाची गोडी नव्हती.

सीमारेषा तशी काळावरही ठरते. १९०४मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हा नुसतं यंत्र आणणं हाच नवोपक्रम होता, कारण गावात ते चालवणारं, दुरुस्त करणारं कुणीच नव्हतं. नवोपक्रम मोजण्याचे आंतरराष्ट्रीय निकष तर कारखान्यापुरती नवी असलेली पद्धतही धरतात. त्या हिशेबाने पहिला एअरजेट घेणाराही बसतो. मला ते जरा सढळ वाटतं. एअरजेट घेणाऱ्याला मी एकच विचारीन: नमुन्याचं कापड फसलं, तर ते मीटर कुणाच्या खात्यावर पडतात?