गुइदो कास्तेलनुओवो: भूमिती, बंदी आणि एक गुप्त विद्यापीठ

रोमच्या सापिएन्झा विद्यापीठातील गणित विभागाला आज इटालियन गणितज्ञ गुइदो कास्तेलनुओवो यांचे नाव आहे. 1938 मध्ये मात्र मुसोलिनीच्या वंशविषयक कायद्यांनी, ते ज्यू असल्यामुळे, इटलीच्या विद्वत्जगाचे दरवाजे त्यांना बंद केले होते.

त्यांचा जन्म 1865 मध्ये व्हेनिसला झाला. वडील कादंबरीकार. पादुआला पदवी घेऊन ते तुरिनला भूमितिज्ञ कोर्रादो सेग्रे यांच्या सहवासात आले आणि 1891 मध्ये रोमला प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी तिथे तरुण गणितज्ञ फेदेरिगो एन्रिक्वेस आले. रोमच्या रस्त्यांतून चालता चालता दोघांच्या चर्चा रंगत. त्यातूनच बैजिक पृष्ठांचा, म्हणजे बहुपदी समीकरणांनी ठरणाऱ्या पृष्ठांचा, सिद्धान्त उभा राहिला. एन्रिक्वेस यांची बहीण एल्बिना पुढे कास्तेलनुओवो यांची पत्नी झाली.

वक्राचा जीनस, म्हणजे त्याची गुंतागुंत मोजणारी संख्या, शून्य असला की तो परिमेय असतो, म्हणजे त्याचे बिंदू एकाच चलाच्या परिमेय फलांनी (बहुपदींच्या भागाकारांनी) मांडता येतात. पृष्ठांसाठी असा निकष कोणता? पृष्ठाचा जीनस दोन तऱ्हांनी मोजतात; भौमितिक आणि अंकगणिती हे दोन्ही जीनस शून्य असले की पुरे, अशी अपेक्षा होती. पण एन्रिक्वेस यांना सहा घाताच्या समीकरणाचे एक पृष्ठ सापडले. ते एका चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) सहाही कडांवरून दुहेरी जाते, म्हणजे तिथे स्वतःलाच छेदते. त्याचे दोन्ही जीनस शून्य आहेत, तरी ते परिमेय नाही! कास्तेलनुओवो यांनी भौमितिक जीनसच्या जागी 'द्विजीनस' (त्याच जातीची आणखी एक संख्या) शून्य असण्याची अधिक कडक अट घेतली आणि 1896 मध्ये निकष सिद्ध केला. माझ्या मते त्यांच्या कामातला हा सर्वांत देखणा भाग आहे. एन्रिक्वेस यांनी पुढे पृष्ठांचे जे वर्गीकरण केले, त्याचा हा निकष एक आधारस्तंभ ठरला.

1935 मध्ये ते निवृत्त झाले होते. पण ज्यू विद्यार्थ्यांना विद्यापीठात प्रवेशच उरला नाही, तेव्हा 1941 च्या अखेरीस, वयाच्या 76 व्या वर्षी, त्यांनी रोममध्ये गुपचूप उच्च शिक्षणाचे वर्ग उभे केले. वरवर ते गणिताचे पूरक वर्ग होते. प्रत्यक्षात विद्यार्थ्यांची नोंदणी स्वित्झर्लंडमधील फ्रिबुर्गच्या एका तंत्रसंस्थेत होत असे. 1943 मध्ये जर्मन सैन्याने रोमचा ताबा घेतला आणि वर्ग थांबले. कास्तेलनुओवो यांना लपून राहावे लागले.

युद्धानंतर ते लिंचेई या इटलीच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले आणि 1949 मध्ये इटलीच्या संसदेचे आजीव सिनेटर. 1952 मध्ये रोममध्येच त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या एम्मा हिने शाळकरी मुलांना भूमिती हाताने घडवून, डोळ्यांनी पाहून शिकवली. गणित-शिक्षणाचा एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार आज तिच्या नावाने दिला जातो.