बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेण्यापूर्वी

आपण धूम्रपान करत असाल, पूर्वी अनेक वर्षे केले असेल किंवा ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केले असेल, तर बीटा-कॅरोटीनच्या (गाजरासारख्या भाज्यांतील, शरीरात अ जीवनसत्त्वात बदलणाऱ्या रंगद्रव्याच्या) गोळ्या कृपया घेऊ नयेत; ही विनंती आमच्या स्वतःच्या उत्पादनालाही लागू आहे.

यामागे ठोस कारण आहे. या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग टळेल, या आशेने फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये हा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेत ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि जोडीला अ जीवनसत्त्व देऊन केलेल्या चाचणीतही हेच दिसल्यामुळे ती १९९६ च्या जानेवारीत मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. भाज्या-फळांतून मिळणाऱ्या बीटा-कॅरोटीनबाबत असा धोका आढळलेला नाही, म्हणून गाजर किंवा पालक सोडण्याचे कारण नाही.

धूम्रपान न करणाऱ्यांना सहसा जाणवणारा परिणाम म्हणजे तळहात, तळपाय व चेहऱ्यावर येणारी पिवळसर-नारिंगी छटा. ती निरुपद्रवी असते आणि गोळ्या बंद केल्यावर हळूहळू ओसरते. मात्र डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा झाला असेल, तर दोष गोळ्यांना न देता कावीळ आहे का, याची तपासणी त्वरित करून घ्यावी.

शरीर बीटा-कॅरोटीनचे अ जीवनसत्त्वात रूपांतर गरजेपुरतेच करते, त्यामुळे केवळ त्यातून अ जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. तयार अ जीवनसत्त्वाचे, म्हणजे रेटिनॉलचे, तसे नाही. गरोदरपणात त्याची मोठी मात्रा गर्भात व्यंग निर्माण करू शकते. अनेक मिश्र गोळ्यांत दोन्ही घटक एकत्र असतात, म्हणून गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी सुरू करू नये. नियमित मद्यपान करणाऱ्यांनीही बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या टाळाव्यात, असे आमचे मत आहे. वजन घटवण्यासाठीच्या ऑर्लिस्टॅटमुळे बीटा-कॅरोटीनचे शोषण घटते.

डोळ्यांच्या पडद्याच्या वयोमानपरत्वे होणाऱ्या झिजेसाठी मिळणाऱ्या जुन्या मिश्रणांत १५ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असे; २०१३ मधील संशोधनानंतर त्याऐवजी ल्युटीन व झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्ये असलेले मिश्रण सुचवले जाते. आपण ही औषधे घेत असाल आणि कधीही धूम्रपान केलेले असेल, तर वेष्टनावरील घटक वाचून त्यात बीटा-कॅरोटीन नसल्याची खात्री करावी.